कोनफळाचा केक फसल्याबद्दल

आमीरमियाँ,

अस्सलामु अलैकुम. थोरल्या सलाउद्दीनचा सलाम, दुआ आणि भट्टीचा थोडा धूर पोचावा. अम्मीचे गुडघे सोडले तर नंदुरबारात सगळे ठणठणीत. दोहात तुझी तब्येत कशी आहे? फोनवर तू 'बघू' म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून हे पत्र. (मराठीत लिहितोय, म्हणजे तुझ्या खोलीतल्या भिडूंना काही कळायचं नाही.)

तू त्या फिलिपिनो उस्तादाकडून शिकलेल्या जांभळ्या चीजकेकचा फोटो धाडलास, वर लिहिलंस की भाई, आपल्या भट्टीत हे होणार नाही. माझं डोकंच फिरलं! तीस वर्षं नानकटाई भाजणाऱ्या माणसाला हे? त्यात घालतात तो जांभळा कंद म्हणजे आपलं कोनफळच ना? कोरीटच्या रामसिंगकडे शेतावर जाऊन पाच किलो मागितलं, तर म्हणतो कसा, "इतलं कोनफळ काय करशात भाई, उंधियूनी पंगत शे का?" सोलताना हाताला अशी खाज सुटली की दोन दिवस दुकान अर्शियाने सांभाळलं. (तुझी भाभी पुडे कमी देत होती, हसत जास्त होती.) चीज इकडे कुठलं! म्हशीच्या दह्याचा चक्का बांधून खुंटीला टांगला, तो नेमका शेजारच्या हाजीसाहेबांच्या नव्या टोपीवर ठिबकला. मग खाली नानकटाईचा चुरा थापला, वर उकडलेलं कोनफळ चक्क्यात घोटून केलेला जांभळा लगदा ओतला, आणि टोस्ट निघून भट्टी निवत आल्यावर ट्रे आत सरकवला. सरकवताना सवयीने ओरडलो, आमीर, दार धर! चार वर्षं झाली रे, आठ ईदा गेल्या, तरी तोंडात तुझंच नाव येतं. फार आठवण येते. दार मीच धरलं. (एका हातात ट्रे सरकवायची फळी, दुसऱ्यात दार, या वयात सर्कस.)

तर केक पार फसला. मधोमध भेग, कडा करपलेल्या, आत लापशी. अम्मीने चमचाभर चाखून विचारलं, हे गुडघ्याला लावायचं का? इथे हे कुणालाच जमणार नाही. तुलाच येऊन शिकवावं लागेल.

तुझा भाई,
सलाउद्दीन

ता. क. केकला भेग पडू नये म्हणून भट्टीत पाण्याचं भांडं ठेवायचं की नाही, ते फोनवर सांगू नकोस. फोनवर मला समजत नाही.

आणखी ता. क. अर्शियाने पत्र वाचलं आणि म्हणाली, मोठ्या भावाने खोटं लिहू नये. तर ऐक. केक फसला नाही. पहिल्याच खेपेला झकास जमला, अम्मीने दोनदा मागून खाल्ला. मी एक फोड तोंडात टाकली आणि मनात आलं, आता तुला बोलवायला कारण काय सांगू? म्हणून पत्रात फसवला. आता कारणाशिवायच ये.