जागच्या जागी चढलेला घाट

तीर्थरूप आईंना,

कंबर परवानगी देईल तेवढा वाकून जावयाचा नमस्कार. तुमचे गुडघे, रक्तदाब आणि शेजारीण (तिघंही सारखाच त्रास देतात असं तुम्हीच म्हणता) सध्या ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे तुमच्या मुलीच्या घोट्याचं प्लास्टर अजून निघालेलं नाही. बाकी तिची तब्येत उत्तम आहे, विशेषतः आवाज. घरात फोन असताना जावई पत्र का लिहितो, असं तुमच्या मनात येईल. पत्र लिहिणाऱ्याला मध्येच कुणी थांबवत नाही, एवढंच त्याचं कारण.

स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढताना ती पडली, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. तिचा जिममधला संध्याकाळचा सायकलींचा क्लास तिने अगदी शून्यातून उभा केलाय. (एवढे पाय मारून ही माणसं पोचतात कुठे, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. कुठेच नाही. बंद खोलीत, मंद दिव्यात, कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांवर ती बसल्या जागी घामाघूम होतात आणि हसत घरी जातात. मलाही आधी पटलं नव्हतं.) तर जिमचे मालक तिला बघायला आले, फळांची पिशवी उशाशी ठेवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले की सायकली रिकाम्या ठेवता येणार नाहीत, आणि एक पीळदार तरुण ती वेळ घ्यायला तयार आहे. ते गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तुमची मुलगी रडताना मी फारशी पाहिलेली नाही, रडवतानाच पाहिलीय. माझ्या तोंडून निघून गेलं की प्लास्टर निघेपर्यंत क्लास मी घेतो. इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवतोय. जेवणानंतरच्या तासाला नववीचा वर्ग जागा ठेवणाऱ्याला सायकली काय जड?

तिने पडल्या पडल्या मला शिकवलं. सीट कमरेच्या हाडापर्यंत हवी. पाय खाली गेला की गुडघा जरासाच वाकलेला हवा. नवीन माणसाकडे आधी जायचं. आपली ताकद दाखवायची नाही, त्यांची बघायची. आणि 'शेवटचं एक मिनिट' म्हटलं की ते शेवटचंच असलं पाहिजे. लोक दमणं माफ करतात, फसवणं नाही. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. (मान हलवणं आणि ऐकणं या दोन क्रियांचा संबंध असतोच असं नाही, हे शिक्षकापेक्षा कुणाला जास्त ठाऊक?)

पहिल्या दिवशी मी सर्वांना वेग दाखवायला गेलो. तोंडापाशी माइक लावलेला असतो. त्यामुळे थोड्याच वेळात माझं धापा टाकणं चारी भिंतींमधून ऐकू येऊ लागलं. पुढच्या रांगेतले दातांचे डॉक्टर पाय थांबवून, पाणी आणू का, असं विचारू लागले. क्लास संपला, सगळे आभार मानून गेले, आणि मी सायकलवरच. या कामाचे बूट पॅडलमध्ये खटकन अडकतात. सोडवायला टाच बाहेर वळवायची असते. मी आत वळवत होतो. सफाईच्या बाई आल्या, हे साहेब जास्तीचा व्यायाम करतायत असं समजून माझ्याभोवती अदबीने लादी पुसून गेल्या. अखेर बूट तिथेच लटकत ठेवून मी मोज्यांवर घरी आलो. तुमच्या मुलीने पायांकडे पाहिलं आणि कूस बदलली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, की शक्तीने नाही, बुद्धीने जिंकायचं. पॅडल जड करून सायकलींना चढ दिला, घाटाची कल्पना करायला सांगितलं आणि नकाशावरच्या समोच्चरेषा समजावल्या. मग खडकांचे प्रकार, मग झीज. गाणं कधी थांबलं ते माझ्याही लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी हात वर करून विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" पुढच्या क्लासला अर्ध्याहून जास्त सायकली रिकाम्या. दारात मालक उभे, आणि त्यांच्याशेजारी तो पीळदार तरुण, खोली डोळ्यांनी मोजत.

हे घरी लपलं नाही. पुढच्या क्लासला ती कुबड्या घेऊन स्वतः आली आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसली. फक्त बघणार, असं वचन होतं. पहिलं गाणं संपायच्या आत उठून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, त्यांच्या सीटा बघ. मी म्हटलं, बघतोय. ती म्हणाली, तू स्वतःला बघतोयस. मी उतरलो (टाच बाहेर वळवून, शिकतो मी, उशिरा शिकतो) आणि मागच्या रांगेत गेलो. औषधाच्या दुकानातल्या बाई गुडघे कानांपाशी आणून बेडकासारख्या पाय मारत होत्या. त्यांची सीट वर केली, तर त्यांचा चेहरा असा उजळला की जणू आजच त्यांना पाय फुटले. म्हणजे तुमच्या मुलीचं खरं होतं, आणि नवऱ्याला चिडायला एवढं पुरतं. वाद सीटांवरून स्टुलावर गेला. मी घरात असताना ती वर चढलीच का? तिचं म्हणणं, तुला हाक मारली असती तर तू 'उद्या काढतो' म्हटलं असतंस, म्हणून. मग इकडचं तिकडचं बरंच निघालं.

माइक चालू होता, आई.

माझ्या लक्षात आलं तेव्हा सगळा वर्ग भुतं मागे लागल्यासारखा पाय मारत होता. ती बोलली की डावी बाजू जोरात, मी बोललो की उजवी. कुणी गाणं मागत नव्हतं. तेवढ्यात तिचा आवाज एकदम खाली आला. "मी परत येईन तेव्हा माझी जागा राहिली नसेल," ती म्हणाली, "मला त्याची भीती वाटते." मी म्हटलं, "तुझी जागा राहावी म्हणूनच मी इथे मरतोय." चाकं हळूहळू थांबली. अंधारात डॉक्टरांनी दबक्या आवाजात विचारलं, हा शेवटचा चढ होता का. तुमची मुलगी डोळे पुसत म्हणाली की अजून एक मिनिट आहे, आणि तिने ते बरोबर एका मिनिटात संपवलं. दारातून बघणाऱ्या मालकांनी त्या तरुणाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी एकही सायकल रिकामी नव्हती.

असो. औषधं वेळेवर घ्या, शेजारणीकडे दुर्लक्ष करा.

तुमचा, आजवर एकदाही उलट न बोललेला,
जावई

ता. क. उलट न बोललेला म्हणजे तोंडावर. त्या वादात, इकडचं तिकडचं निघालं तेव्हा, 'तुझ्या आईचा फोन आला की मी लगेच आंघोळीला का जातो, याचा कधी विचार केलास?' असं एक वाक्य माझ्या आवाजात ऐकू आलं. दिवे लागले तेव्हा भिंतीकडच्या सायकलवर तुमच्या धाकट्या बहीणबाई दिसल्या. त्यांचा क्लासचा पहिलाच दिवस होता. त्यांचा फोन तुम्हाला आला असेल, तर त्यांना फार धाप लागली होती आणि धाप लागली की कान नीट काम करत नाहीत, एवढं लक्षात घ्यावं. मी मुळात स्वच्छतेची आवड असलेला माणूस आहे.

आणखी ता. क. आता खरं काम. त्या दिवसापासून आमचं दोघांचं इतकं छान चाललंय की क्लास पुन्हा थंड पडत चाललाय. लोक वाद मागतात. आम्ही ठरवून भांडून पाहिलं, पण तिला हसू येतं. तुम्ही महिनाभर राहायला आलात, तर विषयांना तोटा पडणार नाही. मालकही आग्रहाने सांगतायत.

शेवटचं. तुमच्या मुलीने आत्ता हे पत्र वाचलं. आई इकडे येणार असेल तर मी माहेरी जाते, म्हणाली. म्हणजे तुमच्या घरी ती आणि तिच्या घरी तुम्ही. तरी तुम्ही याच. भांडायला मला तुम्हीही चालाल, आणि माइक दोन आहेत.