कॅप्टनच्या हेल्मेटला काच नाही

४ जून
राजीनामा दिला. प्राचार्य म्हणाले, नीट विचार केलात ना? मी म्हटलं, विचार करणं हाच माझा विषय आहे. वाक्य छान जमलं. सही करायला त्यांना पेन सापडेना, त्यावरून त्यांना किती जड गेलं ते कळतं. कॉलेजात आता फिजिक्सचं कसं होणार कोण जाणे.
उद्यापासून मी अंतराळ मालिकेचा विज्ञान सल्लागार. चॅनेलला मी इतकी पत्रं पाठवली की कंटाळून, म्हणजे प्रभावित होऊन, त्यांनीच बोलावलं. ती मालिका आमची ही रोज संध्याकाळी आठ वाजता बघते आणि मी शेजारी बसून चुका सांगतो. त्यावरून रोज वाद. आता चुकाच राहणार नाहीत, मग वाद कशावर होणार?
हिला अजून सांगितलेलं नाही. पडद्यावर नाव झळकेल तेव्हा आपोआप कळेल.

५ जून
सेट म्हणजे एक गोदाम. यानाच्या भिंती अंड्यांच्या ट्रेच्या आहेत, वरून चंदेरी रंग. असो. पण कॅप्टन यानाबाहेर फिरतो तेव्हा हेल्मेटला काचच नाही. दिग्दर्शकाला म्हटलं, निर्वातात हा काही सेकंदांत बेशुद्ध पडेल. तो म्हणाला, काचेत लाइट दिसतात सर, चेहरा दिसत नाही, आणि आपण पैसे चेहऱ्याचे मोजलेत. मग त्यानेच विचारलं, चहा घेतलात का? घेतला. संवादाला चांगली सुरुवात झाली.
मानधनाचा विषय मी काढला नाही. पहिल्याच दिवशी बरं दिसत नाही.

९ जून
काच बसवून घेतली. अर्धा दिवस टिकली. कॅप्टनच्या श्वासाने आतून धुकं धरलं, समोरचं दिसेना, आणि तो यानाच्या दारातल्या प्लायवूडच्या पट्टीला अडखळून पडला. अंगठ्याचं नख गेलं. शूटिंग बंद. दिग्दर्शकाने माझ्यासमोरच काच उचकटून काढली.
तरी काच बसू शकते हे सिद्ध झालं.

१४ जून
आज माझा विजय. अंतराळात हवा नाही, म्हणून आवाज नाही. शत्रूचं यान फुटलं ते संपूर्ण शांततेत. दिग्दर्शक बाहेरगावी होता, एडिटरला मीच पटवलं होतं.
आठ वाजता हिच्या शेजारी तोंड मिटून बसलो. यान फुटलं. हिने रिमोट दाबून बघितला. उठून टीव्हीला दोन चापट्या मारल्या. मग बहिणीला फोन लावला, तुझ्याकडे आवाज येतोय का गं? तिच्याकडेही येत नव्हता. तोवर आवाज परत आला आणि कॅप्टन बोलायला लागला.
म्हणजे प्रेक्षक विचार करू लागलेत. शेवटी नावं इतक्या वेगाने पळाली की माझं फक्त मला दिसलं. ‘विज्ञान सल्लागर.’ काना राहिलाय. हिचं लक्ष नव्हतं बहुतेक. बरंच झालं, दुरुस्त झाल्यावर दाखवू.

१६ जून
दिग्दर्शक परत आला. चॅनेलमध्ये दिवसभर तक्रारींचे फोन वाजत होते म्हणे. मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाला, सर, ‘नाही होणार’ हे सांगायला मला कुणी नकोय. ‘कसं होईल’ ते सांगणार असाल तर या.
मी रागाने निघून गेलो. गेटपर्यंत. मग परत आलो. हल्ली सेटवर आठवड्यातून दोनदाच बोलावतात, बाकीचे दिवस सार्वजनिक वाचनालयात काढतो. तिथला पंखाही बंद आहे. सल्लागारपणही गेलं तर घरातून रोज सकाळी डबा घेऊन निघायचं कुठे?
ठराव : विज्ञान लवचिक असावं.

१९ जून
काचेचा प्रश्न सोडवला. कॅप्टनच्या चेहऱ्याभोवती ‘अदृश्य हवेचं आवरण’. मालिकेच्या लेखिकाबाईंनी लगेच संवादात घातलं. दिग्दर्शकाने पाठ थोपटली. अस्सल संशोधन हे असंच होतं. रात्री झोप लागली नाही, उकाडा फार.

२५ जून
कॅप्टनची बायको आठवड्याभरात बाळंत झाली पाहिजे. नटीला तारखा नाहीत. मी म्हटलं, जड ग्रहाजवळ काळाची गती बदलते. खरं आहे ते. दिशा उलटी आहे, काळ तिथे मंदावतो, पण तेवढं कोण बघतंय.
हिने विचारलं, यंदा पेपर तपासायला घरी आले नाहीत? म्हटलं, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. म्हणाली, बरं. डब्यात आज जास्तीची पोळी होती. माझ्यावर हिचा विश्वास आहे, हेच माझं बळ.

२ जुलै
कॅप्टन मेला. तीन दिवस अंतराळात तरंगत होता. आता त्याची बायको हाक मारणार आणि तो डोळे उघडणार. निर्वातात हाक. मेलेल्या माणसाला.
बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो. बाहेर आलो आणि समजावून सांगितलं. अतिथंडीत पेशी टिकतात, आवरणातून आवाज जातो, मेंदूला कंपनं पोचतात. बोलताना माझ्या कपाळावर घाम होता. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे लिहिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.
लेखिकाबाई प्रेमाने म्हणाल्या, याची गरज नाही हो सर. ती हाक मारते, तो डोळे उघडतो. लोक रडतील. कारण विचारायला कोण बसलंय?
दिग्दर्शक म्हणाला, तेच बोलायचं होतं, सल्लागाराचं पद आजपासून बंद करतोय.

३ जुलै
कॉलेजात गेलो. माझ्या जागी एक बाई आल्या आहेत, फळ्यावर अक्षर सुंदर. प्राचार्यांना म्हटलं, सहज आलो होतो. यावेळी त्यांना पेन वगैरे काही शोधावं लागलं नाही.
हेडक्लार्कला विचारलं, माझी पुस्तकं कुठे आहेत? तो म्हणाला, वहिनी घेऊन गेल्या की, जूनमध्येच.

घरी आलो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो, हेडक्लार्कनेच फोन केला होता, पुस्तकं न्या म्हणून. टीव्हीवर नावही वाचलं, चुकीचं छापलं होतं. मी म्हटलं, मग रोज डबा का देत होतीस? ती म्हणाली, तुम्ही इतकं मन लावून इस्त्रीचा शर्ट घालून निघत होता. त्या कॅप्टनच्या हेल्मेटला काच नाही, ते मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. पण पुढचं बघायचं असेल तर तेवढं सोडून द्यावं लागतं.
घड्या घालायला बसलो. तिने त्या परत मोडून नीट घातल्या.
मग म्हणाली, बहिणीच्या यजमानांच्या क्लासमध्ये आठवीला विज्ञान शिकवायला माणूस हवाय. म्हटलं, विचार करून सांगतो. म्हणाली, मी हो म्हणून सांगितलंय.

४ जुलै
क्लासचं काम तात्पुरतं आहे. चॅनेलवाले परत बोलावणारच.
सोमवारी पहिला तास. हवेचा दाब. आठवीचं पुस्तक उघडलं. एक पान तीनदा वाचावं लागलं. मग हिला विचारलं, हे बरोबर वाटतंय का गं?