दोरीतला केस

बुधवार, सकाळ

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. रागावलेय, तरी आधी तोच शब्द लिहिला. मोठ्या बहिणीने दुसरं काय लिहावं? मी खुशाल. तुझी बायको काही खाते का? तिला पेज तरी पाज, नको म्हणाली तरी.

काल गालिचे पोचवून परतले तर वेशीवरच कळलं, तुझी तान्ही पोर गेली. तशीच धुळीच्या पायांनी तुझ्या दारी आले. तू आतून ओरडलास, "कारखान्यातलं कुणी नको इथे!" अरे, मी कारखान्यातली कुणी होय? तुझ्या पायरीवर बसून पोटभर रडले आणि उठून आले. म्हणून हे पत्र. तुझ्या बायकोच्या हाती देईन.

आमच्या मागावरच्या म्हाताऱ्या मावशीला चेटकीण म्हणून धान्याच्या कोठारात कोंडलंय, तुझ्या तक्रारीवरून. शहरातून न्यायाधीश आलाय. त्याला म्हणे लोकर सोसत नाही. काल कारखान्यात शिंकून शिंकून बेजार झाला, तर तीसुद्धा मावशीची करणी म्हणून लिहून घेतली! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला नाही हसू आलं. गेल्या साली मीठवालीला तळ्यात टाकलं होतं, आठवतं? तरंगली तर चेटकीण, बुडाली तर निर्दोष. ती बुडाली. निर्दोष ठरली, पण तोवर संपली होती बिचारी. उद्या मावशीची पाळी आहे.

आई गेल्यावर तुला मांडीवर घेऊन विणायची ती बाई. तू तिच्या पदरात शेंबूड पुसायचास आणि ती मुकादमाची बोलणी खायची.

आणि पुरावा काय, तर पाळण्यातल्या गादीखाली सापडलेली दोरी. गाठी मारलेली, तांबडी-काळी लोकर, गाठीत केस. बघून लोकांना कापरं भरलं म्हणे. लोकांचं सोड. तू तर मागाखाली रांगलायस! आम्ही नक्षी दोरीत गाठी मारून ठेवतो, ती चाचपत, रंग पुटपुटत विणतो, हे तुला माहीत नाही? गिरणीत गेलास आणि सगळं विसरलास? वाकून विणणाऱ्या बाईचा केस गाठीत अडकतोच. एक गालिचा आण बिनकेसाचा, मी कारखाना सोडते.

ताप तर आधीपासून गल्लीत होता. लोहाराची दोन्ही पोरं त्यानेच गेली. त्यांच्या पाळण्यात कुठे दोरी होती?

जे लिहायला बसले ते सोडून बाकी सगळं लिहितेय. कळतंय माझं मला.

आज उजाडता उजाडता कोठाराच्या झरोक्याशी गेले होते. मावशीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. मी हाक मारायच्या आत म्हणाली, "आलीस? आता घरी जा आणि तोंड बंद ठेव. माझं जगून झालंय." मी म्हटलं, "मावशी, त्यांनी दोरी तुझ्या हातात दिली होती?" म्हणाली, "दिली की. चाचपली मी. जा म्हणते ना!" सख्ख्या आईने रागवावं तशी रागावली.

गाठ कुणाच्या हातची ते तिला बोटांनी कळतं, धाकट्या. ही तिच्या स्वतःच्या हातची नाही हे तिला तेव्हाच कळलं. तरी ती गप्प बसलीय.

दोरी सभागृहाच्या खिडकीत टांगलीय, सगळ्यांनी बघावी म्हणून. मीही बघितली. केस काळा आहे, हातभर लांब. मावशीचं डोकं काळं कधी पाहिलंस तू?

दोरी माझी आहे. केस माझा आहे.

गालिचे पोचवायला जायच्या आदल्या दिवशी पोर किरकिरत होती. तुझ्या बायकोचा जरा डोळा लागला होता, म्हणून तिला उठवलं नाही. कमरेला खोचलेली नक्षीची दोरी काढून पोरीच्या हातात दिली. एकेक गाठ ओढून बघत होती लबाड. मग माझ्याकडे बघून हसली. तिच्या मुठीतून ती काढून घेणं जिवावर आलं, तिथेच राहू दिली. तीच मग गादीखाली सरकली असणार. एवढंच काय ते माझं चेटूक.

तुझं काळीज फाटलंय, मला दिसत नाही का? कुणाची तरी मान धरल्याशिवाय तुला आज श्वास घेता येत नाही. पण ती मान मावशीची नाही.

उद्या चौकशी सुरू झाली की मी पुढे होणार. वेणी सोडून माझा केस त्या केसाशेजारी धरणार आणि सांगणार, दोरी माझी. मावशी ओरडेल, मुकादम आडवा येईल, येऊ देत. मी मागे फिरणार नाही. मग न्यायाधीश तुझ्याकडे वळेल, कारण फिर्याद तुझी आहे. तेव्हा एक तर सांग की पोर तापाने गेली. नाहीतर मला तळ्यावर न्यायला सांग. पण जे सांगशील ते माझ्याकडे बघून सांग.

मला पोहता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तुझ्या लेकीची
आत्या