भरलेली जागा

नांदुरा तालुका,
१४ ऑक्टोबर २०१७

लाडक्या गौसियास,

रविवारी संध्याकाळी कॉन्व्हेंटच्या होस्टेलच्या पायरीवर बसून आपण कॅनव्हासच्या बुटांना खडू फासायचो, आठवतं? दोघींत एकच खडू. तू तो माझ्याकडे सरकवायचीस, आणि तुझे बूट मळकेच राहायचे. आज उगाच आठवलं.

पत्राला उशीर झाला. सध्या फवारणीचे दिवस आहेत. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळी संपली म्हणून इथे पेढे वाटले होते. आता अळी परत आलीय आणि लोक दोन-दोन औषधं मिसळून फवारतात. कपाशी डोक्याएवढी उंच झालीय, सगळं तोंडावर येतं. मग लाळ गळत, धापा टाकत माणसं आमच्या आरोग्य केंद्रात येतात.

मी रिटायर झालेली, तरी मलाच बोलावून घेतलंय. नर्सची जागा रिकामी, ड्रायव्हरची रिकामी. डॉक्टरची मात्र भरलेली. बोर्डावर तुझ्या लेकीचं नाव आहे, पगार इथूनच निघतो, आणि सफा प्रतिनियुक्तीवर पुण्यात. तूच म्हणालीस, तिथे एका टेबलाला तीन डॉक्टर बसतात. इथली जागा रिकामी दाखवली असती तर दुसरं कुणीतरी आलं असतं गं.

परवा गावातल्या जनकाबाईचा नवरा, त्यालाही फवारणीचं विष चढलेलं, अकोल्याला नेताना वाटेतच गेला. इंजेक्शन मी दिलं होतं. पुढे डोस किती वाढवायचा हे डॉक्टरने ठरवायचं असतं. त्याचा भाऊ मोतीराम बोर्डासमोर उभा राहून हळूच म्हणाला, "सिस्टर, या डॉक्टरीणबाईचा फोटो तरी लावा. उदबत्ती लावून देतो आमी."

कुणी हसलं नाही. काल त्या नावाला काळं फासलेलं दिसलं. सोमवारी सगळं गाव जाब विचारायला केंद्रावर येणार आहे. सफा माझ्या मैत्रिणीची मुलगी, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या ऑपरेशनसाठी तिने तिकडे तारीख मिळवली, तिला आशीर्वाद. पण मी येत नाही. आधी पायऱ्या चढताना दम लागून थांबायची, आता अंगणातही थांबते. तरी मी निघाले तर केंद्राला कुलूप लागेल.

मला काही झालं तर मोत्यांची माळ तुला. पुस्तकं इथल्या शाळेला. शिलाई मशीन जनकाबाईला, तिला आता लागेल. औषधांच्या कपाटाची किल्ली मोतीरामकडे जाईल, तसं त्याला सांगून ठेवलंय. सफाने ती इथे येऊन, त्याच्याच हातून घ्यावी.

तुझीच,
स्नेहलता