‘व्हाय’ची खुर्ची

अप्पा,

काल ती आली होती. तांड्यावरून चालत तुमच्या वर्गात येणारी, तुमची लाडकी. आता जवळा बाजारच्या त्याच शाळेत तुमच्या जागी इंग्रजी शिकवते. हातात हरभऱ्याचे डहाळे, आणि दारातूनच विचारलं, "सरांची ती खुर्ची हाय का वं अजून?"

शाळेनं जुनं सामान काढलं तेव्हा तुम्हीच ती घरी आणली होती. शनिवारी तुम्ही इंग्रजीतला ‘व्हाय’ शिकवायचात. म्हणायचात, "व्हॉट विचारलं की वस्तू कळते, व्हाय विचारलं की माणूस कळतो." ज्याच्या ‘व्हाय’ला तुम्हाला उत्तर येणार नाही, त्यानं तुमच्या खुर्चीत बसायचं आणि तुम्ही तास संपेपर्यंत उभं राहायचं. पोरं नुसती तुटून पडायची. मी पहिल्या बाकावर तोंड शिवून बसलेली. कारण घरी मी ‘काहून’, म्हणजे तोच ‘व्हाय’, म्हटलं की तुमचा घास हातातच थांबायचा. "मोठ्या माणसाला काहून म्हणायचं न्हाई." शाळेत तो कायदा लागू नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

एका शनिवारी ती उठली. "सर, व्हाय युवर डॉटर नो आस्क?" वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. खडू ठेवलात, खुर्ची मागं ओढलीत आणि तिला बसवलंत. उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, अप्पा. प्रश्न माझ्यावरचा आणि खुर्ची तिला. माझा असा जळफळाट झाला की घरी येऊन मी जेवले नाही, आणि का ते तुम्ही विचारलंही नाहीत.

काल तिनं खुर्चीचं नाव काढलं आणि मी आत जाऊन वाळलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीवर टाकला. "आहे की, ती काय कपड्यांखाली." ती बिचारी सतरंजीवर बसली. तुमच्या गोष्टी सांगत राहिली. त्यातल्या निम्म्या मला माहीत नव्हत्या, हे मला जास्त झोंबलं.

ती गेल्यावर माझी लेक म्हणाली, "आई, खुर्ची असून मॅडमला खाली काहून बसवलं?"

"मोठ्या माणसाला…" एवढं तोंडातून गेलं. मग कपडे उचलले. "बैस," म्हटलं, "मला उत्तर येऊन नाही राहिलं." ती बसली, पाय हलवत, हक्कानं.

तुम्ही गेलात, हा कागद आता कुठं पाठवायचा नाहीच, म्हणून लिहिते. त्या खुर्चीत मी अजून एकदाही बसलेले नाही. काल मला माझ्या लेकीचाही हेवा वाटला.