स्वस्तातल्या जहाजावरची विहीण

प्रिय विहीणबाई,

हे पत्र तुमच्या हातात देऊन आमचे हे तुमच्या समोरच बसले असतील, पंख्याकडे बघत. त्यांना पाणी द्या, हवं तर चहा द्या, पण एकही प्रश्न विचारू नका. त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि राहिलं तर चेहऱ्यावर उमटतं, म्हणून सक्त ताकीद देऊन पाठवलंय. तुम्ही आधी चपला काढा, बॅगा दारातच राहू देत, तुमची ती गोळी घ्या आणि पाठ टेकून नीट बसा. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची तुमची खोड मला ठाऊक आहे. इथे ते चालायचं नाही. सगळे आपापल्या घरी आहेत, खातायत-पितायत, एवढं आत्ता पुरे. बाकीचं माझ्या डोक्यात ज्या क्रमाने शिरलं त्याच क्रमाने सांगणार आहे. सुरुवात जहाजांपासून, कारण माझा संशयही तिथूनच सुरू झाला.

त्या संध्याकाळी तुमच्या लेकीने आपल्या चौघांना एका टेबलाशी बसवून तिकिटं वाटली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. ती पर्यटन कंपनीत रोज लोकांना जहाजं विकते, तिला कंपनीकडून सवलत मिळते, हे सगळं मान्य. पण लग्नाला चार वर्षं झाली, कधी एखाद्या सिनेमाला पाठवलं नाही आणि आता एकदम समुद्रावर? तेही आईवडील आणि सासूसासरे, चौघांना एकाच वेळी? तुम्ही दोघं महागड्या जहाजावर, नऊ रात्री. आम्ही दोघं स्वस्तातल्या जहाजावर, चार रात्री. ती अगदी गिऱ्हाइकाला सांगावं तसं समजावून सांगत होती, की स्वस्त जहाजाचं फक्त तिकीट स्वस्त असतं, वर चढल्यावर पाण्याच्या बाटलीपासून सगळ्याचं बिल लागतं; महागड्या जहाजाचं तिकीटच काय ते महाग, पुढे खिशात हात घालावा लागत नाही. ज्याला शांतता हवी त्याने महागडं घ्यावं, ज्याला माणसांची गर्दी आवडते त्याने स्वस्त. तुम्ही मान डोलावत होतात. मी मनात म्हटलं, वा गं सूनबाई, आईच्या पानात तूप आणि सासूच्या पानात ताक!

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण रागापेक्षा भीती मोठी होती, आणि ती मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही, ह्यांनासुद्धा नाही. महिनाभर घरात काहीतरी शिजत होतं. मी स्वयंपाकघरात शिरले की दोघं बोलायचे थांबायचे. ती न्हाणीघरात दार लावून बराच वेळ बसायची, पाण्याचा आवाज नाही. आणि आमचे चिरंजीव, ज्यांनी जन्मात स्वतःचा कप विसळला नाही, ते न सांगता भांडी पुसायला लागले. नवरा अचानक एवढा गुणी झाला की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय. मला एकच दिसत होतं: हे दोघं वेगळे होतायत. आपल्या चौघांचं रडणं-समजावणं नको म्हणून आपल्याला समुद्रात सोडून येतायत, आणि परत येऊ तेव्हा तिचं कपाट रिकामं असेल. माझ्या लेकाचं घर मोडायला निघालंय, ह्या भीतीने मी बॅग भरली.

जहाजाचं म्हणाल तर आमच्या खोलीला खिडकी नव्हती. दिवा मालवला की डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखंच. हे उठून विचारायचे, उजाडलं का गं? मी दार उघडून बघायचे तर बाहेरही दिवेच. जेवायला ताट हातात घेऊन रांग, पोहण्याच्या तलावाशी खुर्चीसाठी रांग, त्या रांगेत लोकांनी पहाटेच येऊन ठेवलेले रुमाल. यंत्रातली कॉफी फुकट, पण माणसाने करून दिलेली कॉफी विकत. फोटो काढणारे तर कुठूनही उगवायचे. संध्याकाळी ते सगळे फोटो भिंतीवर टांगतात, हवा तर विकत घ्या, नको तर सोडा. माझा तोंड उघडलेला, हातात पावाचा तुकडा असा फोटो तीन दिवस जगाने बघितला. विकत घेऊन फाडून टाकावा तर पैसे द्यायचे त्यालाच. खोली आवरणाऱ्याने पहिल्या दिवशी पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवला, आणि तो उलगडला तर बिलात लागेल म्हणून मी त्याला हात लावला नाही. आम्ही दोघांनी आंघोळ करून एका टॉवेलात भागवलं.

पण हेही सांगायला हवं, की त्याच माणसाने मला न्हाणीघराच्या उंच उंबऱ्याशी गुडघा धरून उभं राहिलेलं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे एक ठोकळा आणून ठेवला. त्याच्या गळ्यात किती खोल्या होत्या देव जाणे. मी तेव्हाही आधी विचारलं की ह्याचे किती. तो हसला. जेवणाच्या टेबलावर अनोळखी माणसं येऊन बसायची आणि उठताना पोराबाळांसकट सगळं सांगून मोकळी व्हायची. आणि हे, तुमचे व्याही, डेकवर नाचले! स्वतःच्या लग्नात जे खांबासारखे उभे होते, ते. मला मजा येत होती आणि मजा येतेय म्हणून जास्तच धास्ती वाटत होती.

मग ते बंदर आलं जिथे आपली दोन्ही जहाजं शेजारी-शेजारी लागली. आमचं घसरगुंड्या लावलेलं, ढोलताशा चालू. तुमचं पांढरंशुभ्र, गप्प, नुसतं बघूनच हळू आवाजात बोलावंसं वाटणारं. आपण धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसलो. तुम्ही सांगत होतात, की तुमच्याकडे पहिल्या दिवशी विचारतात आणि तिसऱ्या दिवसापासून न विचारता आणतात. बाल्कनीत शाल ठेवलेली असते, फळं कापलेली असतात, रांग नावाला नाही. आणि मग तुम्ही म्हणालात, की जहाजावर पाऊल टाकलं त्याच दिवशी नर्स खोलीवर येऊन तुमचा रक्तदाब बघून गेली, रोज येते, याला म्हणतात सर्व्हिस. तुमचे व्याहीही लगेच मान डोलावायला लागले. मी मात्र तिथेच अडकले. हृदयाला स्प्रिंग बसवलीय हे तुमच्या कपाळावर लिहिलंय का? त्या नर्सला सांगितलं कुणी? टॉवेलचा हत्ती सगळ्यांना मिळतो, पण नर्स कुणी सांगितल्याशिवाय येत नाही.

पुढे तर कहरच झाला. तुम्ही म्हणालात, लेकीचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, नुसते मेसेज येतात. आणि मला चिरंजीवांनी सांगितलं होतं, की तिला कंपनीने एक नवीन जहाज बघायला पाठवलंय, तिथे फोन लागत नाही. एकच मुलगी, एकाच दिवशी, घसा बसून घरी आणि ठणठणीत होऊन समुद्रावर! मी कॉफीचा घोट घेतला आणि गप्प बसले. का गप्प बसले ते आता सांगते, रागावू नका. मला वाटलं, तुम्हालाही सगळं माहीत आहे. लेक माहेरी यायची ठरलीय, तुम्ही सामील आहात, आणि घशाची गोष्ट माझ्यासाठी रचलीय. तुम्ही बिनसाखरेच्या कॉफीत चमचा फिरवत होतात, फिरवतच होतात. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं! निघताना तुम्ही माझ्या पर्समध्ये तुमच्या जहाजावरची साबणाची वडी घातलीत, कागदात गुंडाळून, आणि मी ती वडी हातात धरून विचार करत राहिले की ही लाच कशाबद्दल.

आमचं जहाज परत लागलं तेव्हा चिरंजीव घ्यायला आला होता. दाढी वाढलेली, आणि बोलणं थांबेना. जेवण कसं होतं, समुद्र कसा होता, बाबा नाचले का. हा मुलगा फोनवर दोन वाक्यांच्या वर जात नाही. ती कुठाय विचारलं तर म्हणाला, घरीच आहे, चला तर खरं. घरात शिरले आणि पहिली नजर गेली ती बैठकीतल्या सोफ्यावर. त्याच्यावर उशी होती, चादर घडी करून ठेवलेली, खाली त्याच्या चपला. म्हणजे वेगळं झोपण्यापर्यंत मजल गेली. ह्यांना म्हटलं तुम्ही इथेच थांबा, आणि त्या दोघांच्या खोलीचं दार ढकललं. काय बोलायचं ते सगळं वाटेत ठरवून आले होते, चांगलं खरमरीत.

ती पलंगावर टेकून बसली होती. अंगात त्याचा सैल शर्ट, पुढून बटणं असलेला, आणि डावा हात एका उशीवर ठेवलेला, जपून, दुसऱ्या कुणाची वस्तू असावी तसा. माझ्याकडे बघून म्हणाली, आलात आई? टॉवेलचा हत्ती केला होता का त्यांनी? आणि हसली. हसताना हात हलला तेव्हा तोंड वाकडं झालं. विहीणबाई, पुढून बटणांचा शर्ट बाई कधी घालते ते आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. हात वर करवत नाही तेव्हा. आणि तो सोफ्यावर झोपत होता तो झोपेत तिला धक्का लागू नये म्हणून.

छातीत गाठ लागली होती, महिन्यापूर्वी. आपण बंदरावर कॉफी पीत बसलो होतो त्याच्या आदल्या दिवशी ती काढली. ऑपरेशन नीट झालं, ताप नाही, जखम कोरडी आहे, दोन्ही वेळ जेवते, मी समोर बसून जेवायला घालते. तुम्हाला सांगितलं नाही कारण तुमच्या त्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी धक्का बसू द्यायचा नाही म्हणून बजावलंय. तिने म्हणे सगळ्या जहाजांत शोधून असं निवडलं, जिथे दवाखाना चांगला आहे आणि माणसं लक्ष ठेवतात. नर्सला तिनेच सांगून ठेवलं होतं. आणि मी मेली निर्लज्ज, तिला वरणभात भरवता भरवता विचारलंच, की मग आम्हाला स्वस्तातलं का गं? तर म्हणाली, आई, महागडं जहाज रविवारी परत येतं आणि तुमचं बुधवारी. पहिले दोन दिवस मला कुणीच नको होतं. नंतर मला तुम्ही हव्या होतात. मी पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले. ताकाचं ते वाक्य मी मनात म्हटलं होतं, तोंडावर नाही, एवढंच माझं नशीब.

आता हे सगळं फोनवर का नाही सांगितलं? तिनेच सांगितलं होतं. म्हणाली, आईला फोनवर सांगू नका, ती ऐकताना श्वास घ्यायची विसरते. तिला आधी बसवा, जरा चिडवा, हसवा, जहाजाच्या गप्पा मारा, आणि मग सांगा. म्हणून एवढं जहाजपुराण लावलं. आता पुन्हा एकदा श्वास घे. हो, घे म्हणतेय, चार वर्षं अहोजाहो केलं ते खूप झालं. उद्या सकाळी गाठीचा रिपोर्ट येणार आहे. डॉक्टर म्हणतात साधीच दिसते, पण तुला माझा स्वभाव माहीत आहे, मी त्यांचं ऐकते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहते. चार दिवस मी ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सच्या हसण्यातही काहीतरी शोधतेय. तू तशी नाहीस. तुला कुणी चांगलं सांगितलं की तुला ते चांगलंच वाटतं. मी त्यावरून तुला किती वेळा भोळी म्हटलंय. उद्या मला तुझा तो भोळेपणा शेजारच्या खुर्चीत हवाय, नाहीतर डॉक्टरांच्या दाराबाहेर माझा निभाव लागायचा नाही. ह्यांनी गाडी खाली थांबवून ठेवलीय, बॅग उघडूही नकोस, तशीच ये. आल्या आल्या पोरीला रडून दाखवू नकोस. डाव्या हाताने काही करता येत नाही म्हणून तिने उजव्या हाताने, दात लावून, तुझ्यासाठी टॉवेलचा हत्ती करून ठेवलाय. एक कान छोटा झालाय. तो मोडू नकोस, त्याचं बिल लागत नाही.

तुझीच,
स्वस्तातल्या जहाजावरची विहीण