दाढीची पाती

हिबारा, ३ मार्च २०२४

चि. मिग्दालिया हिस अ. उ. आ.

सामानाची ने-आण करणारा रोलांदो काल टँपाहून आला आणि तुझं पुडकं पोचलं. गोळ्या, साबण, पाती, सगळं नीट आहे. मे महिन्यात माझी पाच वर्षं पुरी होतील. छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, रोज एक गोळी, पाच वर्षं, एकही दिवस चुकवायचा नाही. शेजारच्या काचिताचंही ऑपरेशन त्याच आठवड्यातलं, म्हणून दोघी मिळून डुक्कर भाजणार आहोत. डुक्कर नाही मिळालं तर कोंबडी, आणि तीही नाही मिळाली तर मलाच भाजेल, असं ती म्हणते. सध्या तिचं कंबरेचं हाड दुखतंय, लंगडते बिचारी. माझीही पाठ धरलीय, पण ती धुण्यामुळे.

एक मागणं आहे. मे झाल्यावरही गोळ्या पाठवत राहा. आणि पात्यांचं आणखी एक पाकीट.

तुझी,
एनेइदाताई

टँपा, २१ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

पत्र वाचून हसले, मग हसू थांबलं. औषध संपणार, तर गोळ्या कशाला? आणि पाती कोणाला? भावोजींना जाऊन सहा वर्षं झाली. तू दाढी करायला लागलीस की काय?

रोलांदो सांगत होता, पुडकं उघडताना तुझ्याआधी काचितानेच गोळ्यांची डबी उचलली. इथे माझ्या कारखान्यातली एक बाई हीच गोळी घेते, अंगाची लाहीलाही होते म्हणून दिवसभर वारा घेत बसते. तू पाच वर्षांत एकदाही कुरकुरली नाहीस. मला वाटायचं, ताई मुळातच सोशीक. आता झोप उडाली आहे. तुला आईची शपथ, खरं काय ते लिही.

तुझी,
मिग्दालिया

हिबारा, ११ एप्रिल

चि. मिग्दालिया हिस अ. उ. आ.

शपथ घातलीस, आता लिहावंच लागेल. काचिताचं परदेशात कोणी नाही. इथल्या औषधाच्या दुकानात पहिले दोन महिने गोळ्या आल्या, मग फळी रिकामी. आपल्याकडे कॉफी गाळली की पहिला कप भिंतीपलीकडे जातो, हे तू विसरली नसशील. तिच्यासमोर अख्खी गोळी गिळणार कशी? रोज सकाळी पात्याने दोन तुकडे करायचे. भांडणही व्हायचं, कारण मोठा तुकडा दोघींनाही दुसरीलाच द्यायचा असे.

तू तिथे दोन पाळ्या करतेस, म्हणून तुला सांगितलं नाही. डॉक्टर विचारत, रोज घेता ना? मी हो म्हणे. ते खोटंही नव्हतं. काहीच नसण्यापेक्षा अर्धी बरी, असं वाटलं गं. आता काचिताला पायरी चढवत नाही, आणि मला भीती वाटते.

रागावू नकोस.
एनेइदाताई

टँपा, २ मे

ती. ताईस शि. सा. न.

रागावू नको म्हणे! मला वाटत होतं, मी माझ्या बहिणीला जगवतेय. पाच वर्षं मी तुला अर्धीच जगवत होते, आणि हे मला कळवायचंही तुला सुचलं नाही. तू समोर असतीस तर एक ठेवून दिली असती आणि मग गळ्यात पडून रडले असते.

रोलांदोबरोबर दोन डब्या पाठवतेय, दोन्हींवर नावं घातली आहेत. पाती मिळणार नाहीत. दोघी डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा. काचिताला म्हणावं, मोठा तुकडा कोणाचा हे भांडण आता मिटलं.

वाट बघतेय,
मिग्दालिया

हिबारा, २६ मे

चि. मिग्दालिया हिस अ. उ. आ.

काचिता रविवारी गेली. रोलांदो मंगळवारी आला. तुझ्या अक्षरातलं तिचं नाव मी बराच वेळ बघत बसले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग पाठीत नेमकं दुखतं तिथेच बोट दाबलं. हाडांचे फोटो काढले आहेत, निकाल गुरुवारी. तोवर रोज एक घ्यायला सांगितलीय.

आज सकाळीही कॉफीचा कप सवयीने भिंतीवर ठेवला. उचलायला कोणी आलं नाही. मग आत येऊन गोळी घेतली. पाच वर्षांनी अख्खी गोळी माझ्या वाट्याला आली, आणि ती घशाखाली उतरत नाही. तरी गिळतेय, तू सांगितलंस म्हणून.

गुरुवारी काहीही कळो, लोभ मात्र अख्खा असू दे.

तुझी,
एनेइदाताई